आठ महिने हार्टची ॲप वापरून झाली, शेवटी उरलं सगळ्यात बोअर ॲप

बाबांना पन्नाशीतच अटॅक येऊन गेलाय, त्यामुळे माझं बीपी जरा वर दिसल्यावर डॉक्टर म्हणाले की रोज घरी मोजून लिहून ठेव, आणि मी वही घ्यायच्या ऐवजी सरळ ॲप स्टोअर उघडलं. आठ महिन्यांत तीन ॲप टाकली आणि दोन उडवली. नावं मुद्दाम देत नाहीये, एका अपडेटमध्ये ॲपचं रूपडं बदलतं.

पहिलं होतं कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी सांगणारं. दंडाला पट्टा (कफ) बांधून मोजायच्या मशीनवर १४८/९४ आलेलं, ॲप म्हणे १२२/७८, परत घेतलं तरी १२२, मग बायकोचं बोट ठेवलं तर १२१. म्हणजे कोणीही या, बीपी छानच! कॅमेऱ्याने नाडीचे ठोके मोजता येतात ते ठीक आहे, प्रत्येक ठोक्याला बोटातलं रक्त कमीजास्त होतं ते त्याला दिसतं, पण प्रेशर ही वेगळी गोष्ट आहे. असल्याच एका गाजलेल्या ॲपची तपासणी २०१६ मध्ये जामा इंटर्नल मेडिसिन या अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली होती, ज्यांचं बीपी खरंच वाढलेलं होतं त्यातल्या ५ पैकी जवळपास ४ जणांना ॲपने नॉर्मल सांगितलं होतं. वाढलेलं बीपी मुळात जाणवत नाही, त्यात ॲपने पाठ थोपटली तर माणूस डॉक्टरकडे जाईल कशाला? त्याच दिवशी डिलीट.

दुसरं स्टेप्सवालं, घड्याळाला जोडलेलं. सुरुवातीला मजा आली, मग रात्री साडेनऊला "अजून १२०० पावलं बाकी" असं ओरडायला लागलं आणि मी हॉलमध्ये येरझाऱ्या. तो १०,००० चा आकडा म्हणजे काही वैद्यकीय नियम नाहीये, १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं त्याच्या नावातला तो आकडा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला मध्यम दमवणारा व्यायाम किमान १५० मिनिटं म्हणते, आणि ती मिनिटं या ॲपमध्ये चार स्क्रीन आत लपवलेली. घड्याळात ईसीजी पण होता. तो एकाच लीडचा असतो, म्हणजे हृदयाकडे एकाच कोनातून बघतो, ठोके अनियमित पडतायत का ते बघायला ठीक, पण हार्ट अटॅक त्यात कळत नाही, हे सेटअप करतानाच लिहून येतं आणि आपण नेहमीप्रमाणे ओके दाबून पुढे जातो. छातीत दुखायला लागलं तर घड्याळाकडे बघत बसू नका एवढंच, सरळ हॉस्पिटल गाठा.

तिसरं अजून फोनमध्ये आहे. दिसायला अगदी ऑफिसच्या फॉर्मसारखं, आकडे कफच्या मशीनवरून बघून हाताने टाकायचे. पण मोजायच्या आधी विचारतं, पाच मिनिटं शांत बसलात का, पाठ टेकलीय का, पाय जमिनीवर आहेत का, अर्ध्या तासात चहा-कॉफी-सिगरेट झाली का. मग एका मिनिटाच्या अंतराने दोन रीडिंग मागतं आणि सरासरी धरतं. मी आधी पायावर पाय टाकून, फोनवर बोलत मोजायचो, तसं करू नये हे मला ॲपने शिकवलं, मशीनच्या डब्यातलं पत्रक मी उघडलंही नव्हतं. घरच्या मोजणीला १३५/८५ च्या पुढे लाल रंग दाखवतं, दवाखान्यात १४०/९० धरतात, तो फरकही यात सांभाळलाय. दोन महिन्यांचा ग्राफ डॉक्टरांना दाखवला, सकाळचे आकडे सतत वर आहेत हे त्यांनी दोन मिनिटांत पकडलं आणि गोळी बदलून दिली. तीन ॲपमध्ये मिळून मला खरा फायदा झाला तो एवढाच, पण तो मोठा आहे.

तक्रारी आहेतच. गोळीचं रिमाइंडर फोनच्या बॅटरी सेव्हरने गुपचूप बंद केलं, ११ दिवस वाजलंच नाही आणि त्यात चार गोळ्या हुकल्या, तेव्हा ॲप टाकल्या टाकल्या बॅटरी सेटिंगमधून ते वगळून घ्या. दुसरं म्हणजे "पुढच्या १० वर्षांतला धोका" सांगणारा कॅल्क्युलेटर. त्यात मी दोन वर्षं जुन्या रिपोर्टातलं कोलेस्टेरॉल टाकलं तरी रिपोर्ट कधीचा हे विचारलं नाही, बाबांच्या अटॅकबद्दल एक प्रश्न नाही, आणि टक्के मात्र दशांश चिन्हासकट! तो भाग मी बघतच नाही. आणि सगळ्यात चीड आणणारं म्हणजे पीडीएफ काढायला सबस्क्रिप्शन, माझेच आकडे, मीच टाइप केलेले, आणि बाहेर काढायला पैसे. सध्या स्क्रीनशॉट काढून नेतो.

बाबा अजून वहीतच लिहितात. फोन बदलला तेव्हा बॅकअप नव्हता म्हणून माझा पहिला महिना गेला, त्यांची वही आहे तशी आहे.

पाचपैकी साडेतीन स्टार, पीडीएफ फुकट केला तर चार.