शाळेतली निळी लोहगोळी: गोळी चांगली, वाटप कच्चं

आठवड्यातून एकदा फुकट मिळणारी ही गोळी: 60 मिलिग्रॅम लोह, 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. शाळा सोडलेल्या मुलींना अंगणवाडीत मिळते. पाळीत रक्त जाणाऱ्या पोरींना ती हवीच.

बिघडतं ते वाटपात. उपाशीपोटी दिली की मळमळतं, मग पोरी ती गुपचूप फेकतात. खिचडी झाल्यावर, पाण्यासोबत, शिक्षकांसमोरच गिळायला लावा. सोबत आवळा किंवा लिंबू द्या. चहा मात्र दोन तास नाही, त्यानं लोह अंगी लागत नाही. शौचाला काळं होतं, ते पोरींना आधीच सांगा; घाबरून गोळी बंद करतात.

आपल्या विदर्भात सिकलसेल, म्हणजे लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार आहे; त्यातही हिमोग्लोबिन कमी राहतं. हिमोग्लोबिन 12 च्या खालीच अडकलं तर मनानं गोळ्या वाढवू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात सिकलसेल तपासणारी सोल्युबिलिटी चाचणी करून घ्या.