राडारोडा उचलणे: 40,000 रुपये

पुण्यात सहकारनगरातलं आमचं घर सासऱ्यांनी 1968 साली बांधलं. 1961 च्या पानशेतच्या पुरात पेठेतलं बिऱ्हाड गेलेलं, म्हणून या घराचं जोतं त्यांनी हट्टानं उंच घेतलं. पुढे मंगळुरी कौलं, मागे स्लॅब, सागवानी तुळया-वासे आणि सात सागवानी दारं. छप्पर गळू लागलं, वायरिंग जुनं झालं, तेव्हा आम्ही ठरवलं की पाडायचं नाही. आहे ते राखून घर पर्यावरणपूरक करायचं.

बहुधा हे ऐकूनच कंत्राटदारानं आम्हाला जोखलं. "वहिनी, नवीन सिमेंट कमीत कमी वापरू. जुनं टाकायचं नाही," असं तो म्हणाला की आम्हाला अगदी भरून यायचं. दारं 'पॉलिशला' त्याच्या वर्कशॉपला गेली. तुळया-वाशांना वाळवी लागलीय म्हणाला. दोन वासे खरंच पोखरलेले होते. तेच दोन त्यानं मला दाखवले, ह्यांना दाखवले, पुतण्यालाही दाखवले. बाकीचे आम्ही कुणी हात लावून पाहिले नाहीत. त्यांच्या जागी लोखंडी चॅनेल आले, वर कौलं जुनीच, त्यामुळे रस्त्यावरून घर होतं तसंच दिसत राहिलं. कोटेशनमध्ये एक ओळ होती, 'राडारोडा उचलणे: 40,000 रुपये'. तिच्यावर आम्ही घासाघीससुद्धा केली नाही.

दारं परत आली ती चकाचक. सासूबाई चौऱ्याऐंशीच्या. त्या म्हणाल्या, "हे दार आपलं नाही. लावताना आवाज वेगळा येतो." आम्ही हसून सोडून दिलं. ते हसणं मला अजून बोचतं.

जुलैत न्हाणीघराशेजारचं दार फुगलं. खालच्या कडेचा पापुद्रा सुटला, आत फिकं, पांढरट लाकूड. ओळखीच्या सुतारानं उंबऱ्यात बसून एकदा नख लावलं. "ताई, हा फ्लश डोअर आहे. वर नुसता सागाचा विनियर, पातळ पापुद्रा." सातही दारं तशीच निघाली. जुनं सागवान पूर्ण वाळलेलं असतं, वाकत नाही, म्हणून भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला त्याला हातोहात गिऱ्हाईक मिळतं, असंही त्यानं सांगितलं. म्हणजे आमचं लाकूड न्यायला आम्हीच 40,000 मोजले होते. तुमच्याकडे असं काम निघालं तर लाकूड उतरवतानाच लांबी-रुंदी-जाडी मोजून घनफुटांत लिहून घ्या, कंत्राटदाराची सही घ्या, प्रत्येक दाराचे फोटो काढा आणि बिजागरीच्या मागे पटाशीनं खूण करा. पॉलिश अंगणातही होतं.

सोलरचं थोडक्यात सांगते. 3 किलोवॅटच्या पॅनेलसाठी "सबसिडीचे 78,000 मी बिलातून आधीच वजा करतो, पण उरलेली रक्कम आगाऊ द्या" म्हणाला. दिली. पॅनेल बसले, पण घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा नेट मीटर काही आला नाही. पीएम सूर्यघर योजनेची सबसिडी नेट मीटर लागल्यावर थेट ग्राहकाच्या बँक खात्यात येते, विक्रेता पोर्टलवर नोंदलेला लागतो आणि पॅनेलमधले सेलही भारतात बनलेले लागतात. हा नोंदलेला नव्हता आणि पॅनेल अटीत बसत नव्हते. शोधायला दहा मिनिटं लागली. तीच दहा मिनिटं आधी काढायची होती.

मग छपरावरचं पावसाचं पाणी जमिनीत मुरवायला त्यानं केलेल्या शोषखड्ड्याची मला शंका आली. पुण्यात वर्षाला 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे 1000 चौरस फुटांच्या छपरावरून साधारण 65,000 लिटर पाणी. आमच्या खड्ड्यात एका सरीतच पाणी वर येऊन अंगणात पसरत होतं. खणून पाहिलं. वर वीतभर खडी, आणि खाली आमच्याच घराचा राडारोडा: फुटकी कौलं, गिलाव्याचे पोपडे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या. मिळकतकरातली सवलत याच खड्ड्यावर मागणार होतो.

आता आमची चूक. जीएसटीचे 18 टक्के वाचवायला निम्मे पैसे आम्ही रोखीनं दिले. त्या निम्म्यांचा कागद नाही, त्यामुळे तक्रारीत ते कुठं दाखवायचे हा प्रश्नच आहे. बाकीच्या रकमेसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. तिथे वकील सक्तीचा नाही, पण कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावं लागतं. 1915 या हेल्पलाइनवरही नोंद केली. कंत्राटदार फोन उचलत नाही. वर्कशॉपच्या पत्त्यावर एक डेअरी निघाली.

मागच्या आठवड्यात शोषखड्डा नव्यानं खणला. तळाला मोठे दगड, मग खडी, मग वाळू, पाइपाच्या तोंडाला गाळणी. काम संपेपर्यंत सासूबाई अंगणात खुर्ची टाकून बसल्या होत्या. प्रत्येक घमेलं आत जाण्याआधी त्यांना दाखवावं लागत होतं.