आयोवा बार्नस्टॉर्मर्सचा हंगामी पास: काही महिन्यांच्या वापरानंतर

बार्नस्टॉर्मर्स हा इनडोअर अमेरिकन फुटबॉलचा संघ. पास जरूर घ्या, पण जागा विचार करून निवडा. मैदान जेमतेम ५० यार्ड लांब, ८५ फूट रुंद. हॉकीच्या रिंकवरच कृत्रिम हिरवळ अंथरलेली असते आणि कडेला गाद्या लावलेली भिंत. अगदी पुढच्या रांगेत खेळाडू भिंतीवर आदळला की धक्का आपल्यालाही जाणवतो, चेंडू थेट अंगावर येतो. लहान मुलं सोबत असतील तर नजर खेळावरच ठेवा. पण तिथून डाव कसा रचला ते कळत नाही, समोरचे खेळाडूच आड येतात. खेळ समजून घ्यायचाय तर मधल्या रेषेजवळ, दहा-पंधरा रांगा वर बसा.

आयोवा राज्यातल्या डि मॉइन शहराचा हा संघ १९९५चा. तो उभा करणारे जिम फॉस्टर म्हणजे या खेळाचेच जनक. १९८१मध्ये न्यूयॉर्कला इनडोअर सॉकरचा सामना पाहताना त्यांनी मैदानाचा आराखडा एका पाकिटावर काढला होता. सुरुवातीचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून डाव चालवणारा खेळाडू) कर्ट वॉर्नर, त्याआधी सुपरमार्केटात रात्री माल लावणारा. त्याने १९९६ आणि १९९७ला संघाला अंतिम फेरीत नेलं, दोन्ही वेळा हार झाली. २०००च्या हंगामानंतर तो संघ न्यूयॉर्कला गेला. २००८मध्ये बार्नस्टॉर्मर्स पुन्हा उभे राहिले आणि २०१५पासून इनडोअर फुटबॉल लीगमध्ये खेळतात.

लीग बदलल्याचा फटका नव्या प्रेक्षकाला बसतो. आधीच्या अरीना फुटबॉल लीगच्या जुन्या चित्रफितींत गोलखांबांच्या दोन्ही बाजूंना जाळ्या दिसतात, त्यावर आपटून आलेला चेंडू खेळात राहतो. जाळ्यांचं पेटंट फॉस्टर यांचं होतं, म्हणून इतर इनडोअर लीगनी जाळ्यांशिवायच खेळ बसवला. आता इथेही जाळ्या नाहीत. पंटही (चेंडू लाथेने दूर मारून समोरच्यांना देणं) नाही: चौथ्या डाउनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नाला, एकतर पुढे खेळा, नाहीतर फील्ड गोल (खांबांमधून लाथेने चेंडू) मारा. किकऑफ (खेळ सुरू करणारी किक) खांबांमधून गेला तर २ गुण, याला ‘ड्यूस’ म्हणतात. समोरच्यांना चेंडू एंडझोनबाहेर (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्याबाहेर) काढता आला नाही तर १ गुण, तो ‘उनो’. त्यामुळे किकऑफच्या वेळी खायला आणायला उठू नका. २०१८चा युनायटेड बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, बार्नस्टॉर्मर्सनी सू फॉल्स स्टॉर्मवर ६९-६८ असा जिंकला. एकेका गुणाची किंमत तिथे कळते.

खटकलं ते वेळापत्रक. मार्च-एप्रिलमध्ये त्याच इमारतीत आयोवा वाइल्डची हॉकी आणि आयोवा वुल्व्ह्जचं बास्केटबॉलही चालू असतं, त्यामुळे घरच्या सामन्यांच्या तारखा विस्कळीत येतात. पैसे भरण्याआधी तारखा तपासा. हॉकी संपेपर्यंत हिरवळीखाली बर्फ असतो, तेव्हा खालच्या रांगांसाठी जाकीट हवंच.