कमरेच्या आतलं चामडी होल्स्टर : .३२ रिव्हॉल्व्हरच्या मापाने शिवलेलं

लायसन्सचं हत्यार झाकून नेणं हा आपल्याकडे हौसेचा प्रश्न नाही. शस्त्र नियम २०१६ मधला नियम ३२ सांगतो की सार्वजनिक ठिकाणी हँडगन (रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल) होल्स्टरमध्ये किंवा तशाच आवरणात हवी, पूर्ण झाकलेली हवी आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात हवी. रोकडीच्या बॅगेत किंवा गाडीच्या कप्प्यात सुटी टाकलेली रिव्हॉल्व्हर यात बसत नाही. द्राक्षाच्या हंगामात निफाड-दिंडोरीकडे मात्र असंच चालताना दिसतं.

हे होल्स्टर जुन्या नाशकातल्या एका कारागिराने कानपूरच्या सरकारी कारखान्यातल्या सहा गोळ्यांच्या .३२ बोअर रिव्हॉल्व्हरसाठी शिवलेलं आहे. पॅंटच्या आत बसतं, वरून सैल शर्ट घातला की दिसत नाही. चामडं साधारण ३ मिमी, झाडाच्या सालीत कमावलेलं. शिवण हाताची, मेणाच्या दोऱ्याची. ओलं चामडं हत्याराच्या डमीवर दाबून वाळवल्यामुळे ट्रिगर गार्डपाशी (ट्रिगरभोवतीच्या कड्यापाशी) पकड घट्ट बसली आहे आणि ट्रिगर दोन्ही बाजूंनी पूर्ण झाकला जातो. सर्वांत महत्त्वाचं तेच, आणि तिथे काम चोख आहे. माप देण्यासाठी हत्यार दुकानात ठेवून येऊ नये. लाकडी डमी करून द्यावी.

खोट आहे ती तोंडाशी. तिथे चामड्याचा एकच थर आहे. नवं असताना तो ताठ राहतो, पण घामाने मऊ पडला की रिव्हॉल्व्हर काढल्यावर तोंड मिटतं. मग हत्यार परत सारताना दुमडलेली कड ट्रिगर गार्डमध्ये शिरते, आपण वरून दाबतो, ट्रिगर मागे जातो आणि गोळी थेट मांडीत. लोंबणारा शर्ट किंवा जॅकेटची नाडीही हेच करू शकते. उपाय साधा: तोंडाभोवती चामड्याची दुसरी पट्टी, आत पातळ पोलादी पत्ती. कारागिराला आधीच सांगावं, नंतर जोडलेली पट्टी नीट बसत नाही. हत्यार परत ठेवताना बोट ट्रिगरपासून दूर, नजर होल्स्टरच्या तोंडावर, हात सावकाश. तिथे घाई करायचं काहीच कारण नसतं.

घेताना तपासणी अशी: रिव्हॉल्व्हर उघडून गोळ्यांची सहाही घरं रिकामी असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. रिकामी रिव्हॉल्व्हर आत घालून होल्स्टर गादीवर उलटं धरून हलवा. हत्यार निसटता कामा नये. बाहेरून चामड्यावर बोट दाबा, ट्रिगर हलला तर चामडं पातळ आहे. शेवटी रिव्हॉल्व्हर काढा आणि तोंड उघडं राहतं का बघा.

कमरेचा पट्टा फॅशनचा चालत नाही. ३८ मिमी रुंद, दुहेरी चामड्याचा हवा, नाहीतर वजनाने सगळं बाहेर कलंडतं. जागा उजव्या कुल्ल्याच्या हाडाच्या किंचित मागे. मोटारसायकलवाले पाठीच्या मध्यभागी खोवतात, ते वाईट. पडलात तर तोच लोखंडी तुकडा मणक्यावर आपटतो.

इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात चामड्याला बुरशी धरते. सावलीत वाळवावं, चुलीजवळ नाही. रात्री हत्यार होल्स्टरमध्ये ठेवलं की ओलाव्याने गंजतं. काडतुसं चामड्याच्या कप्प्यात ठेवू नयेत, पितळेवर हिरवी पुटं येतात. हत्यार आणि काडतुसं कुलपात, मुलांच्या हाताबाहेर.

आणि काही ठिकाणी सगळ्यात चांगलं होल्स्टरही घरीच बरं. नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्यात रामकुंडाच्या रेटारेटीत हत्यारावर ताबा ठेवणं अवघड. दारू असलेल्या लग्नातही तेच. तिथे इतरांना धोका होईल असा हौसेचा बार काढला तर शस्त्र कायद्याच्या कलम २५(९) खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. निवडणुकीत जमा करण्याचा आदेश आला तर पोलीस ठाण्यात द्यावं आणि पावती घ्यावी.

कारागीर तोंडाला पट्टी लावून देत असेल तर जरूर शिवून घ्या. नसेल तर हे होल्स्टर भरलेल्या रिव्हॉल्व्हरसाठी घेऊ नका.