सहा बाटल्यांचं अरोमा किट घेतलं आणि मग नागपूरच्या इतवारी बाजारात गेली

मे महिना, रात्री अकरालाही भिंती तापलेल्या, कूलर नुसता आवाज करून राहिला आणि झोप काही येईना. कोणीतरी म्हटलं अरोमाथेरपी, म्हणजे सुगंधी तेलांचा उपचार, करून पाहा, तर ऑनलाइन ८९९ चं स्टार्टर किट मागवलं. दहा-दहा मिलीच्या सहा बाटल्या, लॅव्हेंडर, पेपरमिंट, टी ट्री, नीलगिरी, संत्रा आणि चंदन, सगळ्यांवर १०० टक्के शुद्ध लिहिलेलं. कंपनीचं नाव नाही घेत, असे किट सगळेच विकून राहिले आता.

पहिली चूक माझीच. डोकं दुखत होतं म्हणून पेपरमिंट थेट कपाळावर चोळलं. बाप्पा! आधी थंडगार, मग डोळ्यातून नुसत्या धारा, आणि पाण्याने धुतलं तर अजूनच पसरलं, कारण हे तेल पाण्यात विरघळतच नाही ना. शेवटी सासूबाईंनी खोबरेल तेलात कापूस बुडवून पुसलं तेव्हा कुठे डोळे उघडले. नंतर नीट वाचलं की इसेन्शियल ऑइल म्हणजे बहुतेक वेळा वाफेवर काढलेला झाडाचा अर्क, तो असा नुसता लावायचाच नसतो, ३० मिली तीळ किंवा खोबरेल तेलात साधारण १२ थेंब, म्हणजे दोन टक्के, बस. किटमधल्या कागदावर यातलं काहीच नाही, तिथे फक्त मन:शांती आणि चक्रं. आणि घरात लहान लेकरू असेल तर नीलगिरी त्याच्या नाकाजवळ नेऊ नका, पोटात गेली तर झटके येऊ शकतात, म्हणून आमच्याकडे भाचा आला की डबा कपाटावर जातो.

आता तेलांचं. पांढऱ्या कागदावर एकेक थेंब टाकून रात्रभर ठेवलं. खरं तेल बहुतेक उडून जातं, साधं तेल मिसळलेलं असलं तर भज्याच्या कागदासारखा डाग राहतो. नीलगिरी आणि टी ट्री पास. लॅव्हेंडरचा मोठा डाग पडला, आणि वासही खऱ्या लॅव्हेंडरचा नाही, तो थोडा गवताळ, किंचित कापरासारखा असतो, हा तर टाल्कम पावडरचा. (ही काही पक्की परीक्षा नाही बरं, केमिकल सेंटही डाग न ठेवता उडू शकतो.) चंदनाचं तर बोलायलाच नको. खऱ्या चंदन तेलाच्या दहा मिलीलाच हजारांत पैसे लागतात, ते ८९९ च्या सहा बाटल्यांत कसं येईल, हे मला मागवायच्या आधी सुचायला पाहिजे होतं.

संत्र्याचं मात्र हसू आलं. हे तेल सालीतूनच निघतं, दाबून. लहानपणी एकमेकांच्या डोळ्यात साल पिळायचो ना, आणि दिव्याच्या ज्योतीजवळ पिळली की चर्र करून ठिणग्या उडायच्या, तेच हे. नागपुरात राहून संत्र्याचा वास पार्सलने मागवला म्हणून सासूबाई अजून ऐकवतात.

मग त्यांनीच इतवारीतलं दुकान सांगितलं, मस्कासाथकडे जाताना, जडीबुटी, पूजेचं सामान आणि अत्तर एकाच गल्ल्यावर. गाडी लावायला अर्धा तास गेला, बिल मागितलं तर दुकानदार भाऊ कोऱ्या कागदावर आकडा लिहून देतात, लेबल पेनाने लिहिलेलं. पण माणूस खरा. चंदन मागितलं तर म्हणाले, "या पैशात नाही होणार जी, कायले फसता." मग ॲल्युमिनियमचा डबा उघडला, काडीला कापूस गुंडाळून बुडवला आणि माझ्या मनगटाच्या मागे टेकवला. खस, म्हणजे वाळा. काकवीसारखं घट्ट, तपकिरी, आणि वास म्हणजे अंगणात पहिलं पाणी शिंपडल्यावरचा. संध्याकाळी भांडी घासल्यावरही हातावर होता. पाच ग्रॅम २५० ला घेतलं, आणि ५० मिली नीलगिरी १२० ला, किटमधल्यापेक्षा कडक.

घरी आल्यावर ह्यांनी हुशारी करून खस कूलरच्या टाकीतच टाकलं, ते वर तरंगत बसलं आणि वास कुठेच नाही. आता मी दोन थेंब कापसावर घेऊन कूलरच्या खसच्या ताटीत खोचते, रात्रभर पुरतं. त्याने झोप येते का? खोली थंड झाली तर येते, वासाने मन जरा शांत होतं इतकंच मी सांगीन. गटेफोसे नावाचा एक फ्रेंच केमिस्ट होता, १९१० मध्ये लॅबमध्ये भाजल्यावर त्याने लॅव्हेंडर वापरलं, पुढे १९३७ मध्ये पुस्तकच काढलं आणि अरोमाथेरपी शब्द तिथून रुळला, पण या थेरपीच्या नावावर शुगर-बीपी बरे करून देणाऱ्यांपासून दूर राहा. सासूबाईंचे गुडघे तीळ तेलातल्या नीलगिरीने चोळून देते, त्यांना बरं वाटतं, गोळी बंद नाही केली.

किटला दोन स्टार, तेही नीलगिरी-टी ट्रीसाठी. भाऊच्या दुकानाला चार, एक पार्किंगचा कापला. चंदनाची बाटली बाथरूमच्या खिडकीत उघडी ठेवली आहे, तिथे ती चांगलं काम करून राहिली.