मॉरिशसमध्ये घर कुठे: क्युरपिपला की फ्लिक-आँ-फ्लाकला?

नोकरी एबेनच्या आयटी पट्ट्यात लागली की घर शोधताना हे दोन पर्याय हमखास समोर येतात. बेट इतकं लहान की नकाशावर दोन्ही गावं शेजारीच वाटतात. राहायला गेलं की हवा वेगळी, दिवसही वेगळा.

क्युरपिप मधल्या पठारावर, साधारण ५५० मीटर उंचीवर. पूर्वेचे वारे ढग आणून तिथेच रिकामे करतात. पठारावर वर्षाला ४००० मिलिमीटरपर्यंत पाऊस, तर पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्लिक-आँ-फ्लाकला जेमतेम ९००. महाबळेश्वरला पावसाळा एकदाचा संपतो तरी. इथे झिमझिम बाराही महिने. उन्हाळ्यात एसी लागत नाही, पण आर्द्रता शोषणारं यंत्र घ्यावंच लागतं. ते नसेल तर चामड्याचे बूट, कॅमेऱ्याची लेन्स, कपाटाची मागची बाजू, सगळीकडे बुरशी. पापड-पोहे घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवा. घर बघायला भर पावसात जा आणि पलंगामागची भिंत हाताने चाचपून पाहा. ताजा रंग ओल लपवतो.

किनाऱ्यावर कपडे दोन तासांत वाळतात. मात्र खारा वारा बिजागऱ्या, एसीचा बाहेरचा भाग आणि गाडीचा पत्रा खातो. जानेवारी-फेब्रुवारीच्या उन्हाळ्यात रात्रीही एसी चालू ठेवावा लागतो, त्यामुळे वीजबिलाचा हिशेब भाड्यातच धरा. पाऊस लांबला की वर्षअखेरीस नळाचं पाणी ठरावीक तासच येतं, म्हणून गच्चीवर टाकी आहे का हे आधी विचारा. समुद्रात उतरताना रबरी बूट घाला. तळाशी साळींदरासारख्या काट्यांचे अर्चिन नावाचे समुद्री जीव असतात आणि दगडासारखा दिसणारा विषारी स्टोनफिशही.

येण्या-जाण्याचं गणित क्युरपिपच्या बाजूने आहे. मेट्रो थेट राजधानी पोर्ट लुईला जाते आणि एबेनसाठी रोझ हिल स्टेशनला गाडी बदलता येते. फ्लिक-आँ-फ्लाकला मेट्रो नाही. बस आहे, पण संध्याकाळनंतर तिचा भरवसा नको. गाडी नसेल तर किनाऱ्याचा विचार सोडा. तिथली बरीच घरं पर्यटकांसाठी सजवलेली असतात, म्हणून करारात हंगामी भाडेवाढ नाही ना, हे वाचून घ्या.

बाजारहाटाचं म्हणाल तर दोन्हीकडच्या लोकांना दोन्हींच्या मधल्या कात्र बोर्न गावचा बाजार बरा पडतो. भाजीचे वार बुधवार आणि शनिवार. भाज्या आपल्याच, नावं इथल्या क्रेओल बोलीतली: लालो म्हणजे भेंडी, पिपंगाय म्हणजे दोडका, मार्गोझ म्हणजे कारलं आणि ब्रेद मुरुम म्हणजे शेवग्याचा पाला. भाव विचारायला ‘कोंब्ये?’ एवढं पुरे. ढॉल पुरी जोडीनेच मिळते. आत चणाडाळीचं पुरण असतं, पण गूळ नाही, हे पहिल्या घासाला लक्षात ठेवा. क्युरपिपची बरीच दुकानं गुरुवारी दुपारनंतर बंद होतात, त्यामुळे त्या दिवशी मोठी खरेदी काढू नका.

मराठी शेजार हवा असेल तर पारडं किनाऱ्याकडे झुकतं. फ्लिक-आँ-फ्लाकजवळचं कास्कावेल हे जुनं मराठी वस्तीचं गाव. गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी इथे बहुधा दुसऱ्या दिवशी, विसर्जनाला येते. रजा टाकताना आपलं कॅलेंडर बघून चुकू नका.

नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत चक्रीवादळांचा मोसम. तिसऱ्या श्रेणीचा इशारा लागला की दुकानं आणि बस बंद, माणसं घरात. त्याआधीच पाणी, बॅटरी आणि ब्रेड घरात हवेत. किनाऱ्यावर लाटांचीही भीती, म्हणून तिथे तळमजला टाळा.

गाडी आहे, ऑफिस आठवड्यातून दोन-तीनच दिवस, तर फ्लिक-आँ-फ्लाक. रोज एबेन आणि मुलांची शाळा असेल तर क्युरपिपही नको, कात्र बोर्न बघा: पाऊस पठाराइतका नाही, उकाडा किनाऱ्याइतका नाही आणि मेट्रो गावातूनच जाते. क्युरपिप खास त्यांच्यासाठी, ज्यांना उकाडा अजिबात सोसत नाही. जुलैच्या थंडीत पहाटे पारा १५ अंशांच्या आसपास येतो आणि घरांना हीटर नसतात, तेव्हा भारतातून एक जाड रजई आणाच. मॉरिशसमधला प्लग ब्रिटिश चौकोनी पिनांचा, तेव्हा अडॅप्टरही घ्या. व्होल्टेज आपल्यासारखंच २३०, त्यामुळे मिक्सर बिनधास्त चालतो.