व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर घरगुती मसाला विकताना: एक पूर्ण सीझन वापरल्यानंतरचा अनुभव

मार्च ते मे हा मसाल्याचा हंगाम आणि त्यापुढचा पावसाळा, एवढा काळ हे अ‍ॅप रोज वापरल्यावर मत पक्कं झालं आहे. ठाण्यात किंवा नवी मुंबईत घरून आगरी-कोळी मसाला, मालवणी मसाला, हळद असं काही विकायला सुरुवात करणाऱ्याला ऑर्डर घेण्यासाठी याच्याइतकी सोपी आणि फुकट सोय दुसरी नाही. मात्र हिशेब, साठा आणि पाठवणी यांतलं काहीच हे अ‍ॅप सांभाळत नाही. ती तिन्ही कामं आधी मार्गी लावली असतील, तरच त्याचा खरा उपयोग होतो.

सुरुवात नंबरापासून. घरचा नंबर धंद्याला देऊ नका, वेगळं सिम घ्या. साधं व्हॉट्सअ‍ॅप आणि बिझनेस अ‍ॅप एका फोनमध्ये शेजारी-शेजारी चालतात, पण दोन्हींना एकच नंबर चालत नाही. हे दुसरं सिम नुसतं पडून राहतं, रिचार्ज राहून जातो, आणि बरेच दिवस न वापरलेला प्रीपेड नंबर बंद होऊन पुढे दुसऱ्या कुणाला तरी दिला जातो. पाऊचवर छापलेला नंबरच असा हातचा गेला, तर जुनी गिऱ्हाइकं तुम्हाला शोधणार कुठे? टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिनही पहिल्याच दिवशी लावून टाका.

कॅटलॉगमध्ये, म्हणजे विक्रीच्या वस्तूंच्या यादीत, ५०० वस्तू मावतात. घरगुती धंद्याला पंधरा-वीस पुरतात. एका वस्तूला दहा फोटो लावता येतात, पण मसाल्याला तीन बास: बंद पाऊच, वाटीत काढलेला मसाला आणि मागच्या लेबलचा वाचता येईल असा फोटो. मसाल्याचा फोटो खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात घ्या. ट्यूबलाइटखाली लाल रंग तपकिरी दिसतो आणि ‘मसाला जुना आहे का?’ असे मेसेज येत राहतात. पाव, अर्धा आणि एक किलो यांच्या वेगळ्या नोंदी करा. वजन एका नोंदीत कोंबलं की गिऱ्हाईक कार्टमध्ये ‘२’ टाकतं आणि त्याला दोन पाव हवेत की दोन किलो, हे फोन करूनच कळतं. वर्णनात मिरची कोणती ते लिहा. बेडगीने रंग येतो, लवंगीने तिखटपणा, आणि विकत घेणारी बाई नेमकं तेच विचारते. ‘सर्दीवर गुणकारी’ असे औषधी दावे मात्र टाळा. नोंद दिसायला लागण्याआधी तपासली जाते, आणि अन्नपदार्थावर असे दावे करणं कायद्यानेही अडचणीचं आहे.

कार्टची सोय छान आहे. गिऱ्हाईक वस्तू निवडून एकाच मेसेजमध्ये ऑर्डर पाठवतं. पण त्या बेरजेत कुरिअरचा खर्च नसतो आणि ऑर्डर आली म्हणून साठाही कमी होत नाही. एखादा मसाला संपला की ती नोंद आपणच लपवायची. म्हणून कार्ट आल्याबरोबर पाठवायला एक झटपट उत्तर तयार ठेवा. अशी ५० उत्तरं साठवता येतात आणि ‘/’ टाइप केलं की यादी येते. आमचं सगळ्यात उपयोगी पडलेलं उत्तर असं: ‘ऑर्डर मिळाली. कुरिअरसह एकूण रक्कम ___. पैसे जमा झाल्यावर दोन दिवसांत पार्सल निघेल. पूर्ण पत्ता, पिनकोड आणि दुसरा एक फोन नंबर पाठवा.’

या पत्त्याकडे नवी मुंबईत फार लक्ष द्यावं लागतं. सेक्टर १० वाशीत आहे, नेरुळला आहे, ऐरोलीला आहे आणि कोपरखैरण्यातही आहे. ‘सेक्टर १०, नवी मुंबई’ एवढ्यावर पाठवलेलं पार्सल हमखास भरकटतं. नोडचं, म्हणजे वाशी-नेरुळसारख्या उपनगराचं, नाव आणि पिनकोड जुळतात का ते बघा: वाशी ४००७०३, नेरुळ ४००७०६, ऐरोली ४००७०८. ओळखीच्या गिऱ्हाइकांना ठाणे स्टेशनवर ट्रान्स-हार्बरच्या बाजूला किंवा वाशी स्टेशनबाहेर हातोहात पार्सल देण्याची पद्धत अजूनही सगळ्यात स्वस्त आहे. फक्त त्याचा वार आणि वेळ ठरवून तीही झटपट उत्तरात टाका, नाहीतर रोजच स्टेशन गाठावं लागतं.

चॅटवर खूण म्हणून लावायची लेबलं वीसपर्यंत बनवता येतात. आधीची इंग्रजी नावं बदलून आपल्या कामाच्या क्रमाने ठेवा: पैसे बाकी, पैसे आले, पॅक झालं, पाठवलं, तक्रार. जुन्या गिऱ्हाइकाची दुसरी ऑर्डर आली की पूर्ण चॅटला लावलेलं लेबल फसवं ठरतं, कारण पहिली ‘पाठवलं’मध्ये असते आणि दुसरी ‘पैसे बाकी’मध्ये. ऑर्डरचा मेसेज दाबून धरून त्या मेसेजलाच लेबल लावलं की हा घोळ होत नाही.

तरीही वही हवीच, किंवा गुगल शीट. ऑर्डर क्रमांक, तारीख, वस्तू, वजन, रक्कम, कुरिअर खर्च, यूपीआय व्यवहाराचे शेवटचे चार आकडे, ट्रॅकिंग नंबर. अ‍ॅपमधून ऑर्डरींचा असा तक्ता बाहेर काढता येत नाही, आणि महिनाअखेरीला चॅट मागे सरकवत हिशेब लावणं म्हणजे डोळ्यांचा नुसता छळ. बॅकअप गुगलच्या मोफत १५ जीबीत धरला जातो, तेव्हा चॅटमध्ये येणारे व्हिडिओ वेळच्या वेळी काढून टाका.

पैशांबाबत एकच नियम पाळा: स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. बँकेच्या अ‍ॅपमध्ये रक्कम दिसल्याशिवाय ‘पैसे आले’ लेबल लावायचं नाही. नवख्या विक्रेत्यांना हमखास येणारा फोन म्हणजे सैन्यातला अधिकारी बोलतोय, कँटीनसाठी वीस किलो हवंय, पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. असं काही घडलंच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.

ब्रॉडकास्ट म्हणजे एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय. त्याची एक यादी २५६ जणांची, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. म्हणून प्रत्येक पार्सलमध्ये ‘नंबर सेव्ह करा’ अशी चिठ्ठी आणि अ‍ॅपमधून मिळणारा चॅटचा क्यूआर टाका. विकत मिळणाऱ्या नंबरांच्या याद्यांच्या वाटेला जाऊ नका. चार जणांनी रिपोर्ट केलं तर अकाउंटच बंद होण्याची भीती असते. घोडबंदरच्या मोठ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर आठवड्यातून एकदा, तिथल्या अ‍ॅडमिनला विचारून टाकलेली पोस्ट यापेक्षा कितीतरी जास्त ऑर्डरी आणते.

आता पॅकिंग, कारण बहुतेक तक्रारी इथूनच उगवतात. डंक्यावरून, म्हणजे मसाला कुटणाऱ्या गिरणीतून, आलेला मसाला गरम असतो. तसाच भरला तर पाऊचच्या आत वाफ धरते, गुठळ्या होतात आणि पावसाळ्यात बुरशी येते. रात्रभर परातीत पसरून, वर सुती कापड टाकून तो पूर्ण गार होऊ द्या. पाव किलोला साधारण ६ बाय ९ इंचाचा फॉइलचा थर असलेला स्टँडी पाऊच घ्या. नुसत्या कागदी पाऊचवर तेलाचे डाग उमटतात. झिप लावली म्हणजे झालं असं नाही, झिपच्या वर हीट सील हवंच. सील सुटतं ते बहुधा मशीनमुळे नाही, पट्टीत अडकलेल्या मसाल्याच्या भुकटीमुळे. भरताना पाऊचच्या तोंडात कागदाचं नरसाळं ठेवा, आतली कड कोरड्या फडक्याने पुसा आणि अर्ध्या इंचाच्या अंतराने दोनदा सील करा. मग पाऊच दोन्ही हातांत दाबून कानाशी धरा. बारीक ‘फुस्स’ ऐकू आलं तर पुन्हा सील.

खोक्याचं मापही खिशाला लागतं. कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५००० ने भागतात, आणि येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर पैसे त्याचेच घेतात. ३० बाय २० बाय १५ च्या खोक्यात एक किलो मसाला घातला तर हिशेब १.८ किलोचा होतो. तोच २५ बाय १८ बाय १० मध्ये बसवला तर ०.९ येतो, म्हणजे खऱ्या वजनाचेच पैसे लागतात.

किंमत ठरवताना मिरचीचे देठ, वाळवण आणि दळण मिळून दहाएक टक्के घट धरा. वाशीच्या एपीएमसीतल्या मसाला मार्केटचा भाव बहुधा देठासकट मिरचीचा असतो, हे बरेच जण विसरतात.

कागदपत्रांत पहिली एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी. घरून विकलं तरी ती लागते, आणि मिळालेला १४ आकडी क्रमांक पाऊचवर छापावा लागतो. त्याशिवाय घटक, निव्वळ वजन, करांसह एमआरपी, पॅकिंगची तारीख, बॅच, टिकण्याची मुदत, शाकाहाराची हिरवी खूण, पत्ता आणि तक्रारीचा नंबर. लघुउद्योगांसाठीची उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत आहे, पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं की बंद करा. मोजकेच कामगार असतील तर गुमास्त्यासाठी, म्हणजे दुकान-आस्थापना कायद्याखालच्या नोंदीसाठी, ऑनलाइन सूचना देऊन पावती घेतली की भागतं.

जीएसटीचं थोडं नीट समजून घ्या. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकताना वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. पुणे, नाशिक, कोल्हापूरला खुशाल पाठवा. पण बेळगाव, पणजी, सुरतेहून मराठी गिऱ्हाइकांची मागणी येते तेव्हा प्रश्न बदलतो, कारण करपात्र माल राज्याबाहेर विकायला उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी लागते, आणि हस्तकलेच्या वस्तूंना मिळणारी सूट मसाल्याला नाही. नोंदणी होईपर्यंत अशा गिऱ्हाइकाला स्पष्ट नाही म्हणा. त्यासाठीही एक झटपट उत्तर आणि ‘राज्याबाहेर’ असं एक लेबल ठेवा. पुढे नोंदणी झाली की पहिला मेसेज कुणाला करायचा, ती यादी तयार असेल.